आयडा शेल्बीची शिंगं

कॅप्टन थर्मन हॉफर यांना पोहता येत नव्हतं. चाळीस वर्षं ओहायो नदीवर कॅप्टन असलेल्या माणसाबद्दल हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो. ते स्वतः म्हणायचे, "पोहणं ही बोट बुडवणाऱ्यांची विद्या आहे. मी बोट चालवतो."

मोटारगाडीची मात्र त्यांना भीती वाटायची. तीनशे माणसं भरलेली तीन मजली बोट पुलाच्या दोन खांबांमधून बोलत बोलत काढणारा हा माणूस चौकातल्या सिग्नलला घामाघूम व्हायचा. म्हणून त्यांना घरी सोडायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातून आमची मैत्री झाली.

मी त्यांच्या बोटीवर दोन उन्हाळे काम केलं. साहित्याची पदवी घेतलेल्या मुलीला ब्रॅमलेटसारख्या गावात जे काम मिळतं ते मला मिळालं होतं. मी माइकवरून प्रवाशांना बोटीचा इतिहास सांगायची. पदवीमुळे कॅप मला प्रोफेसर म्हणायचे. नदीवर प्रत्येक कॅप्टनला कॅप म्हणतात, म्हणून मी त्यांना कॅप म्हणायची. दोघांच्याही पदव्यांचा जमिनीवर काही उपयोग नव्हता.

इतिहास मला पाठ होता. आयडा शेल्बी १९१९ साली बांधली. पहिली काही वर्षं तिनं इंडियानाच्या काठावरून केंटकीच्या काठावर खेचरं आणि तंबाखूची पिंपं नेली. मग पूल झाला आणि बोटीचा धंदा बसला. मालकानं खेचरांच्या जागेवर मेपलची गुळगुळीत लाकडी जमीन घातली, कोपऱ्यात बँड बसवला आणि नाचाच्या सफरी सुरू केल्या. जमीन इतकी चांगली होती की खेचरांचा वास फक्त दमट दिवशीच यायचा. मंदीत तिच्यावर लोक दुःख विसरायला नाचले, युद्धात सैनिक नाचले. पुढं टीव्ही आला आणि लोक घरी बसले. तिचे दोन मालक बुडाले. ती एकदाही बुडाली नाही. शेवटी लिलावात गावानं घेतली, कारण बोली लावणारा दुसरा माणूस भंगारवाला होता.

तळ चपटा. नुसतं दव पडलं तरी तेवढ्यावर ती तरंगेल, असं कॅप म्हणायचे. दोन काळी धुरांडी. मागं दोन मजले उंच लाल चाक, त्याला ओकच्या फळ्या. ओंडका आडवा आला की फळी मोडायची आणि चाक वाचायचं. फळ्या तशाच बसवलेल्या असतात. लोकांना वाटायचं चाक शोभेचं आहे, खाली कुठंतरी पंखा लपवला असेल. हल्लीच्या बऱ्याच सफरीच्या बोटींचं खरंच तसं असतं. आमचं तसं नव्हतं. बॉयलरची वाफ दोन लांब दांड्यांना ढकलायची, दांड्या चाकाला फिरवायच्या, आणि चाक थांबलं की बोट थांबायची. नदी थांबत नसल्यामुळे मग बोट मागं जायची.

सगळ्यात वर वाफेचा बाजा होता. शिट्ट्यांची एक रांग आणि पितळी पट्ट्या. तो लॉटी क्रेन वाजवायच्या. पट्ट्या तापतात म्हणून हातात मोजे, आवाजानं कान जातात म्हणून कानांत कापूस. त्यामुळे सूर चुकला की तो फक्त बाकीच्यांना कळायचा, आणि बाकीचे म्हणजे आजूबाजूची पाचसहा गावं.

कॅप या बोटीवर सोळाव्या वर्षी भांडी घासायला आले. मग दोर ओढले, मग काचेच्या केबिनमध्ये जुन्या कॅप्टनच्या मागं उभं राहून नदी शिकले. लग्नसुद्धा बोटीवरच झालं. ऱ्होडाबाईंना अर्ध्या वाटेत मळमळायला लागलं आणि शपथा त्यांनी रेलिंगला धरून घेतल्या. त्यानंतर त्या कधी बोटीवर चढल्या नाहीत. "सवत आहे ती माझी," त्या मला एकदा म्हणाल्या. "मला वाटलं होतं आज ना उद्या बुडेल. कसली बुडते."

घरी कॅप रात्रीचं जेवण म्हणून ताकात मक्याची भाकरी कुस्करून खायचे. बोटीवर रोज टाय लावायचे. शकुन-अपशकुन मानायचे, पण धंद्याच्या बेतानं. नदीवरच्या जुन्या लोकांचा समज असा की पाद्री आणि पांढरा घोडा एकाच बोटीवर आले तर ती बोट गेली. घोडे आता कुणी आणत नाही, पण लग्नाच्या सफरीला पाद्री लागतोच. कॅप त्याला स्वयंपाकघराच्या दारानं आत घ्यायचे.

"नदीला वाटलं पाहिजे की बटाटे आलेत," ते म्हणायचे.

दुसरा समज म्हणजे 'म'वरून नाव असलेली बोट अपशकुनी. हा समज त्यांना विशेष आवडायचा. कारण समोरच्या केंटकीच्या काठावर, डोव्हर गावात, जी दुसरी चाकाची बोट होती तिचं नाव मिनर्व्हा होतं.

दर वर्षी जूनमध्ये आयडा आणि मिनर्व्हाची शर्यत व्हायची. रेल्वेच्या पुलाखालून निघायचं, प्रवाहाविरुद्ध हेरन बेटापर्यंत जायचं, बेटाला वळसा घालून परत पुलाखाली यायचं. जी बोट जिंकेल तिच्या केबिनवर वर्षभर सोनेरी मुलामा दिलेली हरणाची शिंगं. जुन्या काळी नदीवरच्या सगळ्यात वेगवान बोटीला अशी शिंगं मिळत. दोन्ही गावं काठावर गोळा व्हायची. पैजा लागायच्या. माणसं हमरीतुमरीवर यायची.

शर्यत ठरवलेली असायची. सम वर्षी मिनर्व्हा, विषम वर्षी आयडा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी दोन गावांच्या शहाण्यांनी हे ठरवलं होतं. दोन जुने बॉयलर जिवाच्या करारावर पळवायचे आणि वर तीनशे माणसं नाचवायची, हे विमावाल्यांना मान्य नव्हतं. शिवाय हरलेलं गाव पुढच्या वर्षी जास्त तिकिटं घेतं. बोटीवरच्या सगळ्यांना हे माहीत होतं. काठावर अर्ध्यांना माहीत असावं. पैजा तेही लावायचे.

कॅपनी हे सगळं पाळलं. ज्या वर्षी हरायचं त्या वर्षी ते इतक्या सफाईनं हरायचे की काठावरच्या बायका हळहळायच्या. संध्याकाळी मात्र बोट बांधली की ते इंजिनवाल्या एलवुडला म्हणायचे, "सोडली असती तर शंभर यार्डांनी मारली असती."

"शंभर कसले, दोनशे," एलवुड म्हणायचा. दोघं बरोबरच बोटीवर लागले होते.

ज्या वर्षी जिंकायचे त्या वर्षी म्हणायचे, "ती खरी पळाली असती तरी आलोच असतो."

"आलोच असतो," एलवुड म्हणायचा.

चाळीस वर्षं हे चाललं.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात कॅप निवृत्त होणार होते. साल सम होतं. पाळी मिनर्व्हाची. मे महिन्यात एका दुपारी ते मला म्हणाले, "प्रोफेसर, गाडी काढ. डोव्हरला जायचंय."

मिनर्व्हाची कॅप्टन व्हर्ना डीट्झ. पन्नाशीची, उंच, हात कायम पँटच्या खिशात. ती मुलगी असताना कॅपच्या हाताखाली नदी शिकली होती, मग पैलतीराला जाऊन स्पर्धक झाली. आम्ही तिला हॉटेलात गाठलं. ती रुबार्बचा 'पाय' खात होती, म्हणजे आंबट देठांचं सारण भरलेला तिकडचा गोड पदार्थ.

"व्हर्ना, एक मागायचंय," कॅप म्हणाले.

"पैसे आणि माझा इंजिनवाला सोडून काहीही मागा."

"यंदा खरी शर्यत कर."

व्हर्नानं काटा खाली ठेवला. "यंदा माझी पाळी आहे, कॅप."

"म्हणून तर मागतोय. माझी पाळी असती तर तुला कशाला विचारलं असतं?"

"आणि हरलात तर?"

"तर हरलो. कळेल तरी."

"काय कळेल?"

कॅपनी टाय सारखा केला. "चाळीस वर्षं सांगतोय मी की आयडा जास्त पळते. मला माहीत नाही, पोरी. मला खरंच माहीत नाही. हे माहीत नसताना मला घरी बसायचं नाही."

व्हर्नानं बशी बाजूला सारली. मग तिनं खिशातून हात काढला. "दिला शब्द. खरी शर्यत."

हात मिळवून झाल्यावर ती म्हणाली, "आता तुमच्या प्रोफेसरणीला हा 'पाय' खाऊ घाला. वाळलीय बघा. त्या खेचरांच्या वासानं जेवण जात नसेल."

परतताना कॅप गाडीत एकदाही दार धरून बसले नाहीत.

शर्यतीच्या दिवशी नदी भरून वाहत होती. वर पेनसिल्व्हेनियात पाऊस झाला होता. मी माइक घेऊन काचेच्या केबिनमध्ये कॅपच्या शेजारी उभी होते. त्यांच्यासमोर सुकाणूचं लाकडी चक्र, माणसाच्या उंचीचं, अर्धं जमिनीत गेलेलं. उजवीकडे इंजिनखोलीला हुकूम देण्याची घंटा आणि बोलण्याची पितळी नळी.

पुलावर महापौर उभे होते. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट विकताना बोलावं तसं ते नेहमीच बोलायचे. त्यांनी कर्ण्यावरून कॅपचं कौतुक केलं, डोव्हरच्या महापौरांना एक चिमटा काढला आणि तोफ उडवायला सांगितली.

तोफ उडाली. आयडा थरथरली आणि निघाली. मिनर्व्हा आमच्या डावीकडे, हाकेच्या अंतरावर. थोडा वेळ दोघी जोडीनं चालल्या. मग आमचं नाक पुढं गेलं. मग अर्धी बोट.

कॅपनी टाय सैल केला. हे मी कधी पाहिलं नव्हतं. "बघितलंस?" ते म्हणाले. "बघितलंस का, प्रोफेसर?"

मी बघितलं होतं. मी माइकवरून ते तीनशे लोकांना सांगितलंही. लोक ओरडले.

मग कॅपचा चेहरा बदलला. ते मिनर्व्हाच्या चाकाकडे बघत होते.

"पाणी उचलत नाहीये," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जोर लावलेलं चाक मागं पाणी उडवतं. आपलं बघ, फेसाचा डोंगर झालाय. तिचं बघ. ती शर्यतीला नाही, हवा खायला निघालीय." त्यांनी रेडिओ उचलला. "व्हर्ना, चाकाला काही झालंय का?"

"काही नाही, कॅप," व्हर्नाचा आवाज आला. "आयडाच जोरात आहे आज. दम लागला मला."

कॅपनी रेडिओ जागेवर ठेवला. फार हळू ठेवला.

"दया करतेय," ते म्हणाले. "माझ्यावर."

त्यांनी घंटा अर्ध्या वेगावर ओढली. नळीतून एलवुडचा आवाज आला. "अर्धा? थर्मन, आपण पुढं आहोत."

"कुठं आहोत ते दिसतंय मला. तिला पुढं जाऊ दे. पुढं गेली की झक मारत पळेल."

हिशेब चांगला होता. फक्त तो व्हर्नाला माहीत नव्हता. तिला दिसलं ते एवढंच की कॅपनी वेग कमी केला. ती समजली, म्हातारा जुन्या ठरावाचा पक्का, सम वर्ष आहे म्हणून तिची पाळी तिला देतोय. हे तिनं आम्हाला नंतर सांगितलं. तिनं मिनर्व्हा आणखी हळू केली.

कॅपनी आयडा आणखी हळू केली.

मिनर्व्हाचं चाक रवीसारखं सावकाश घुसळायला लागलं. आमचं त्याहून. मी आयुष्यात दोन हट्टी माणसं दारात 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करताना पाहिली आहेत. पण त्यांच्या मागं प्रत्येकी तीनशे माणसं आणि एक बॉयलर नव्हता.

केबिनच्या जिन्यावर एक बाई आली. "शर्यत कधी सुरू होणार?" तिनं मला विचारलं.

"चालू आहे," मी म्हणाले.

ती काठावरच्या एका झाडाकडे बघत राहिली. बराच वेळ ते झाड तिथंच होतं. ती खाली निघून गेली. बारमध्ये बिअर संपल्याची बातमी थोड्या वेळानं आली.

माइक माझ्या हातात होता आणि काहीतरी बोलणं भाग होतं. "मंडळी," मी म्हणाले, "अशी शर्यत या नदीवर आजवर झालेली नाही." त्या दिवशी मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

मागून कोळशाच्या तराफ्यांचा एक लांबलचक ताफा ढकलत डिझेलची बोट आली. तिचा पायलट रेडिओवर बोलला. त्याचा आवाज दक्षिणेकडचा, निवांत होता.

"आयडा शेल्बी, मदत हवीय का?"

"नको," कॅप म्हणाले. "शर्यत चाललीय."

रेडिओ थोडा वेळ नुसता खरखरला. "कुणाची?"

कोळसा आमच्या उजवीकडून सावकाश पुढं गेला. त्याच्यावर एक माणूस खुर्ची टाकून पेपर वाचत होता. त्यानं आम्हाला हात केला.

त्या कोळशाला वाट देण्याच्या नादात दोन्ही बोटींची चाकं जवळजवळ थांबली होती. दोघं कॅप्टन एकमेकांकडे बघत होते, मागं कुणीच बघत नव्हतं. काचेच्या केबिनमधून मागं लांबचं दिसतही नाही, धुरांडी आड येतात. मला कळलं ते धुरांड्यांवर सावली पडली तेव्हा. आधी मला वाटलं ढग आलाय. मग ढगावर रेल्वेचे रूळ दिसले.

आम्ही पुलाखाली होतो. उलटे. चाक पुढं, तोंड मागं. नदीनं आम्हाला निघालो तिथं आणून सोडलं होतं. आम्ही मिनर्व्हाहून हळू होतो, म्हणून तिच्या आधी.

तोफ उडाली.

पुलावर थोडी चर्चा झाली असावी. मग महापौरांचा कर्णा आला. नियम असा आहे की जी बोट आधी पुलाखाली परत येईल ती जिंकली. कुठून परत यावं, कुठल्या तोंडानं यावं, याबद्दल नियमात काही नाही. आयडा शेल्बी विजयी. कॅप्टन हॉफर यांनी निरोपाच्या शर्यतीत इतिहास घडवला आहे.

काठावर जल्लोष झाला. लॉटी क्रेन यांनी बाज्यावर विजयाची धून धरली. शर्यत कशी झाली याची त्यांना कल्पना नव्हती. पण तोफ त्यांना कापसातूनही ऐकू यायची.

"अभिनंदन, कॅप," रेडिओवर व्हर्ना म्हणाली.

कॅपनी चाक चालू करायची घंटा दिली, बोट पुलाच्या खांबांपासून सांभाळून वर काढली, आणि मग रेडिओ उचलला. "तू मला शब्द दिला होतास."

"कॅप, मला वाटलं तुमचं शेवटचं वर्ष..."

"मला शिंगं नको होती, व्हर्ना. शिंगं वीस वेळा मिळाली मला. मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती."

मी खिडकीतून मिनर्व्हाकडे बघितलं. व्हर्ना तिच्या केबिनमध्ये उभी होती आणि तिचे हात खिशात नव्हते.

"लोकांनी बेटापर्यंतचं तिकीट काढलंय," ती शेवटी म्हणाली. "जावं तर लागणारच. इथून बेट, बेटाला वळसा, परत पूल. आता."

"पाळीबिळी काही नाही?"

"काही नाही."

"दया?"

"अहो, तुमच्या त्या खेचरांच्या गोठ्यावर कसली दया करायची?"

कॅप हसले. "चल, 'म'वाले," ते म्हणाले. त्यांनी घंटा पूर्ण वेगावर ओढली आणि नळीत तोंड घालून म्हणाले, "एलवुड, आहे नाही ते सगळं दे."

"आता? शर्यत जिंकलो ना आपण?"

"एलवुड."

"देतो."

चाळीस वर्षांत दोन गावांनी जे पाहायला तिकिटं काढली होती ते त्या दुपारी झालं, आणि ते कुणी पाहिलं नाही. काठ रिकामा झाला होता. सगळे तळलेले मासे खायला मांडवात गेले होते. महापौर पुलावरून उतरले होते. पेपरचा फोटोवाला निघून गेला होता. बोटीवरचे लोक शर्यत संपली म्हणून खालच्या मजल्यावर नाचत होते. बोट इतकी हादरत होती की बशा टेबलावर आपोआप सरकत होत्या. नाचणाऱ्यांना वाटलं बँड रंगात आलाय.

बेटाच्या जवळ येईपर्यंत दोघी बरोबर होत्या. मग मिनर्व्हा थोडी सुटली. नळीतून एलवुड ओरडला, "ती बाई बंद करा. सगळी वाफ शिट्ट्यांत चाललीय."

लॉटी क्रेन अजून वाजवत होत्या. मी वर धावले. हाका मारून उपयोग नव्हता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांना वाटलं मला गाणं आवडलं, आणि त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. शेवटी मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी मोजे काढले आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

मी खाली आले तेव्हा आम्ही बेटाला वळसा घालून परतीला लागलो होतो. आता वाफ सगळी चाकाला होती. प्रवाहही आमच्या बाजूनं होता. कॅपनी बोट नदीच्या अशा अरुंद पट्ट्यात धरली होती जिथं पाणी सगळ्यात जोरात धावतं. मी इतकी सुंदर चाललेली बोट पुन्हा पाहिली नाही.

मिनर्व्हा आमच्यापासून दूर जात होती. घाईनं नाही. एखादी बाई गप्पा मारता मारता पुढं निघून जावी तशी. तिचं चाक पाणी उचलत होतं आणि मागं पांढरा डोंगर होता. कॅपनी तो पुलापर्यंत पाहिला. सुकाणूवरचा हात त्यांनी शेवटपर्यंत ढिला केला नाही.

धक्क्याला लागल्यावर एलवुड हात पुसत वर आला. "लॉटीनं वाफ खाल्ली," तो म्हणाला. "नाहीतर दोनशे यार्डांनी..."

"नाही, एलवुड," कॅप म्हणाले. "लॉटी बेटाच्या वळणावरच थांबली होती. त्यानंतर सगळी वाफ आपलीच होती."

एलवुडनं हात पुसायची चिंधी खांद्यावर टाकली. मग त्यानं मान डोलावली आणि खाली गेला. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त लागलं, असं मला वाटतं.

समारंभ मांडवात झाला. दोन्ही गावं, मासे, केक. ऱ्होडाबाई पहिल्या रांगेत, पाय जमिनीवर घट्ट. महापौरांनी शिंगं कॅपच्या हातात दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

कॅप माइकसमोर उभे राहिले. "मिनर्व्हा जास्त पळते," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आज दुपारी आम्ही खरे पळालो. ती पुढं होती. आयडा हळू आहे. नेहमीच असावी."

टाळ्या वाढल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला. त्याचं बघून सगळे उभे राहिले. महापौरांनी डोळे पुसले. हा तोच माणूस होता ज्यानं तासाभरापूर्वी आम्हाला उलटं जिंकवलं होतं.

"मी विनयानं बोलत नाहीये," कॅप म्हणाले.

आता मांडवातला आवाज असा झाला की पुढं काही ऐकू येईना. मी गर्दीकडे बघत होते. मांडवभर माणसांना एक माणूस साधं खरं सांगत होता आणि ती त्याच्यावर प्रेम करत होती. ऐकत नव्हती.

व्हर्ना मंचाच्या पायऱ्यांशी आली. "उतरा आता, कॅप," ती म्हणाली. "आणखी बोललात तर पुतळा उभारतील."

ते उतरले. शिंगं त्यांनी तिच्याकडे केली. तिनं मान हलवली.

"ही तुमच्याकडेच राहू देत. माझ्याकडे आहे ते मला पुरेल."

"सगळं लावलं होतंस का आज? खरं सांग."

"सगळं. माझ्या इंजिनवाल्यानं मला शिव्या दिल्या. एक झडप गेली. सोमवारची सफर रद्द करावी लागणार."

कॅप तिच्याकडे बघत राहिले. ती खोटं बोलते तेव्हा कशी दिसते हे त्यांना तिच्या एकोणिसाव्या वर्षापासून माहीत होतं. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

ऱ्होडाबाई बहिणीच्या गाडीतून गेल्या. कॅपना मी सोडलं. शिंगं मागच्या सीटवर होती आणि प्रत्येक वळणाला काचेवर आपटत होती. सिग्नलला आम्ही थांबलो. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती, पण चेहरा शांत होता. वाईट वाटतंय का, असं मला विचारायचं होतं. मला ते नीट विचारता येईना.

"पुलाखाली आलो तेव्हा किती पुढं होती ती?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटींएवढी असेल," मी म्हणाले. थोडं कमीच सांगितलं.

"तीन," ते म्हणाले. "नीट बघत जा."